पोकळ बेहड्याची गोष्ट

बसा असे पुढे. दिवे गेलेत ते तासभर काही येत नाहीत, कंदिलाची काच पुसून ठेवली आहे आणि पडवीत गारवाही बरा आहे. आज एका पोकळ बेहड्याची गोष्ट सांगतो.

आपल्या घरामागचा उतार चढून गेलं की पऱ्या लागतो, आणि पऱ्याच्या पलीकडच्या काठावर तो बेहडा उभा आहे. त्रिफळ्यातला बेहडा तोच. दोन माणसांनी दोन बाजूंनी मिठी मारली तरी बोटांना बोटं लागत नाहीत, एवढा त्याचा घेर. वर, माडाच्या उंचीवर, त्याची एक जाडजूड फांदी माझ्या आजोबांच्या काळात कधीतरी वादळात मोडली आणि तिच्या जागी आता एक काळं भोक दिसतं. लाकडाचा व्यापारी रान बघायला आला होता, तेव्हा त्याने कोयत्याच्या पाठीने या बेहड्यावर दोन ठोके मारले, ढबढब आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा पोकळ आहे, याचं काही धरत नाही." बाकीच्या रानाचा त्याने तिथेच उभ्या उभ्या उक्ता भाव सांगितला. ऐन, किंजळ, हिरडा, आसाणा, वेली, मधमाश्यांची पोळी, सगळं मिळून एक आकडा.

आता हे रान विकायला आपलं कसं, असं घाटावरची माणसं मला विचारतात. त्यांच्याकडे जंगल म्हटलं की ते सरकारचं. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात तसं नाही. इथे सरकारी वन फार थोडं, आणि डोंगरउतारावर हिरवं दिसतं त्यातलं बहुतेक लोकांच्या मालकीचं. सातबाऱ्यावर त्याची नोंद कुठे वरकस म्हणून, कुठे पोटखराब म्हणून. ज्या जमिनीत भात-नाचणी पिकत नाही ती पोटखराब, असा तो कागदाचा हिशोब. आणि त्या एका उताऱ्यावर नावं तरी किती! आपल्याच रानाला एकोणीस हिस्सेदार आहेत, त्यातले अकरा मुंबईला, आणि गणपतीला सगळे जमतात तेव्हा आरती झाल्यावर पहिला विषय निघतो तो हाच, की रान द्यायचं का. मुलांच्या फिया असतात, घराचं छप्पर असतं, कुणाचं दुखणं असतं. रान दिलं म्हणून मी कुणाला नावं ठेवली नाहीत आणि ठेवणारही नाही. पण आपण काय देतो आहोत हे न बघता देणं, हे मात्र माझ्या मनाला खुपायचं.

गेल्याच्या आदल्या मार्गशीर्षात आपल्याकडे रानमालकांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं, ते याच खुपण्यावर. पंचवीसेक माणसं जमली. शिकवायला वनशास्त्र शिकलेली एक मुलगी आली होती, आणि तिने येतायेताच आपल्या धनगरवाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला सोबत घेतलं, ज्याने साठ वर्षं या डोंगरावर गुरं राखली आहेत. मला तिचं तेच पहिलं आवडलं. तिने फळा आणला नव्हता. दोरी, टेप, दोन कोयते, एक करवत, आणि दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा, एवढंच सामान. म्हणाली, "आधी मोजू या. मोजल्याशिवाय कोणी घरातली भांडी तरी विकतं का?"

झाडाची उंची झाडावर न चढता कशी मोजतात, माहीत आहे? आपल्या डोळ्यापासून ताठ धरलेल्या हाताच्या मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढी मुठीवर उभी राहील अशी काठी घ्यायची. ती समोर सरळ धरायची आणि मागे मागे सरकत जायचं, काठीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत. जुळलं की थांबायचं. सपाटीवर आपण झाडापासून जितकी पावलं दूर, तितकं ते झाड उंच. साधा भूमितीचा नियम आहे, पण पंचवीस माणसं काठ्या धरून डोळा मिटून मागे सरकताना बघितली तेव्हा मला शाळेतल्या कवायतीची आठवण झाली. घेर मोजायचा तो जमिनीपासून साडेचार फुटांवर, छातीच्या उंचीला, कारण बुंध्याशी झाडं फुगलेली असतात. आपला बेहडा अकरा फूट भरला.

आणि सगळं रान मोजायचं नाही बरं का. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असे चौकोन दोरीने आखायचे, चार-पाच ठिकाणी, त्यातलं झाडन् झाड मोजायचं, आणि त्यावरून रानाचा अंदाज बांधायचा. हे ऐकलं आणि मला महाभारतातला ऋतुपर्ण आठवला. नळराजा बाहुक होऊन त्याचं सारथ्य करत होता, तेव्हा वाटेत एक बेहड्याचं झाड लागलं. बेहड्याचंच, दुसरं नाही. ऋतुपर्णाने नुसतं बघून सांगितलं की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नळाला खरं वाटेना. त्याने रथ थांबवला, खाली उतरून ते झाड तोडलं आणि फळं मोजली, आणि आकडा बरोबर निघाला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नेहमी वाटायचं, आकडा बरोबर निघाला खरा, पण झाड गेलं ना! तोडल्याशिवाय मोजता येणं हीच ती विद्या, जी ऋतुपर्णाकडे होती. पुढे नळाच्या अंगातून निघालेला कली बेहड्यात जाऊन बसला म्हणतात, आणि म्हणून अजूनही जुनी माणसं बेहड्याखाली झोपू देत नाहीत.

मुलीने मग आणखी एक गोष्ट सांगितली ती ब्रँडिस साहेबाची. डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन माणूस, वनस्पतिशास्त्र शिकलेला, १८५६ मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या सागवानाची देखभाल करायला आला. तिथे लाकूड बेसुमार चाललं होतं आणि रानात साग उरलाय किती हे कुणालाच माहीत नव्हतं. हा हत्तीवर बसून बांबूच्या बेटांतून फिरायचा. त्या धक्क्यात वही धरायची सोय नव्हती. म्हणून डाव्या हातात चार काठ्या आणि उजव्या हातात चाकू. वाटेशेजारी साग दिसला की त्याच्या जाडीप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या काठीवर एक खाच. संध्याकाळी उतरला की वीस मैलांच्या पट्ट्यातल्या सागांचा हिशोब काठ्यांवर तयार! दरवर्षी किती झाडं तोडली तर रान संपणार नाही, हे त्याने त्या खाचांवरून काढलं, आणि १८६४ मध्ये तोच सगळ्या हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला मोठा अधिकारी झाला. आपला धनगर म्हातारा हे ऐकून म्हणाला, "मग आम्ही गुरं तशीच मोजतो की, काठीवर." आणि त्याने आपली काठी पुढे केली. तिच्यावर खाचा होत्या.

दुपारनंतर झाडांच्या ओळखी. ऐन, किंजळ, हिरडा आणि बेहडा ही चौघं एकाच गोत्रातली भावंडं आहेत, हे मला या वयात कळलं. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची आणि जाड, त्यामुळे खालून वणवा गेला तरी मोठा ऐन सहसा तग धरतो. काही ऐनांच्या खोडात उन्हाळ्यात पाणी साठलेलं असतं, आणि रानात हिंडणारी माणसं असा फुगवटा ओळखून तिथे टोचा मारतात तेव्हा पाण्याची धार उडते. आणि बिवळा! त्याच्या सालीला नखभर चीर दिली की लालभडक चीक ओघळतो, हुबेहूब रक्त, हाताला लागला तर बघणारा घाबरेल. त्याच बिवळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवलं तर सकाळी ते तांबूस झालेलं असतं, आणि उन्हात तिरकं धरलं की त्यात निळी झाक खेळते. माझ्या आजीकडे असा पेला होता. आम्ही पोरं पाण्यापेक्षा ती निळाई बघायलाच भांडायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवत बाहेर निघाली, आणि इथून माझ्या बेहड्याची खरी गोष्ट सुरू होते.

फांदी कापायची असेल तर कशी, असं मुलीने विचारलं. सगळ्यांनी दाखवलं, खोडाला अगदी चिकटून, गुळगुळीत. ती म्हणाली, नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक सुजल्यासारखा वळसा असतो, सदऱ्याच्या कॉलरसारखा. तो वळसा राखून त्याच्या बाहेर कापायचं. आणि आधी खालच्या बाजूने थोडा काप द्यायचा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलवटून नेत नाही. का? तर झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. आपलं बोट कापलं तर तिथे नवी कातडी येते, जुनं मांस दुरुस्त होतं. झाडाला ते येत नाही. झाड काय करतं, तर जखमेच्या भोवती भिंती बांधतं. वर-खाली एक, आत एक, बाजूंना एक, आणि जखम झाल्यावर जे नवं लाकूड धरतं त्याच्या आणि जुन्याच्या मध्ये चौथी, सगळ्यात पक्की. आत बुरशी शिरली आणि कुजणं सुरू झालं तरी ते त्या खोल्यांत कोंडलं जातं. अमेरिकेत ॲलेक्स शायगो नावाच्या वनशास्त्रज्ञाने करवतीने हजारो झाडं उभी चिरून आत बघितलं आणि १९७०च्या दशकात हे सगळं नीट मांडून दाखवलं.

आता ऐका गंमत. ती चौथी भिंत सहसा फुटत नाही. म्हणजे झाड पोकळ झालं तरी पोकळी वाढून वाढून कुठवर वाढेल, तर ज्या दिवशी फांदी मोडली त्या दिवशी झाड जेवढं जाड होतं तेवढीच. त्यानंतर बाहेर जे लाकूड धरलं ते सगळं शाबूत. आणि झाड जगतं ते मधल्या गाभ्यावर नव्हेच. गाभा मेलेलाच असतो, तो नुसता आधाराचा खांब. जगतो तो सालीखालचा पातळ थर आणि त्याच्या आतलं कोवळं लाकूड. म्हणून पोकळ झाड म्हणजे मरायला टेकलेलं झाड नव्हे. कळक आतून पोकळ असतो, म्हणून कुणी त्याला दुबळा म्हणतं का? मी त्या बेहड्याकडे बघितलं. आजोबांच्या काळात मोडलेली फांदी, आणि त्या दिवसाचं माप आपल्या पोटात जपून त्याच्याभोवती वाढत राहिलेलं झाड.

मग म्हाताऱ्याने आम्हाला बेहड्याखाली नेलं आणि वर नाही, खाली बघायला सांगितलं. बुंध्यापासून थोड्या अंतरावर, बरोबर त्या भोकाच्या खाली, बियांचा सडा होता. उंबराची बारीक रवाळ बी, काजऱ्याच्या गोल चकत्या, आणखी कसल्या कसल्या, आणि त्यांतून उगवलेली इवली रोपं. काजऱ्याचा तर एकही वृक्ष तिथे जवळपास नाही! म्हातारा म्हणाला, "ककणेराचं घर हाय ह्ये." ककणेर म्हणजे धनेश. खाली सिंधुदुर्गात माडगरुड म्हणतात तोही याच घराण्यातला.

धनेशाची चोच एवढी मोठी, पण त्याला सुताराची विद्या नाही. तो स्वतः ढोली कोरू शकत नाही. झाडाने, वादळाने, बुरशीने आणि सुतारपक्ष्याने मिळून केलेली तयार ढोली त्याला लागते, आणि एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली तरण्या झाडात असत नाही. थंडी सरता सरता मादी आत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा गर, कधी चिखल घेऊन आतूनच दार लिंपायला लागते. आपल्या बायका चुलीला पोतेरं देतात तशी चोचीच्या कडेने थापत थापत. शेवटी उरते ती एक उभी फट, चोचीचं टोक जाईल एवढी. आत बसून ती अंडी घालते आणि पंखांची पिसं झाडून टाकते, सगळी मोठी पिसं. आता दार फोडून बाहेर आली तरी तिला उडता येणार नाही. तिचा आणि पिल्लाचा सगळा भार बाहेरच्या नरावर. तो दिवसभर रानातून फळं गिळून आणतो, घशाच्या पिशवीतून एकेक वर काढतो आणि फटीतून आत देतो. एक उंबर, दोन उंबर, तीन, मी एकदा बावीसपर्यंत मोजले. महाधनेशाची मादी तर तीनएक महिने अशी कोंडून घेते, आणि ती बाहेर पडल्यावर मागे राहिलेलं पिल्लू, त्याला कुणी शिकवलं नाही काही नाही, ते आपलं आपण दार पुन्हा लिंपून घेतं.

काजरा विषारी, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण विष त्याच्या बीत. धनेश गर पचवतो आणि बी जशीच्या तशी बाहेर टाकतो, मैलभर दूर नेऊन. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत एक महाधनेश होता, विल्यम नावाचा. १८९४ मध्ये कारवारहून पिल्लू म्हणून आला आणि १९२० पर्यंत तिथल्या कचेरीत राहिला. त्या संस्थेच्या चिन्हावर आजही धनेश आहे आणि तिच्या घराचं नाव हॉर्नबिल हाउस. मुंबईतल्या माझ्या पुतण्याला मी ते मुद्दाम बघून यायला सांगितलं. तो बघून आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, की मग आपल्या बेहड्यातल्याला काय नाव द्यायचं?

दुपारी पत्र्याचा डबा निघाला. पालापाचोळ्याखालच्या मातीत तो दोन बोटं रुतवला, वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि सगळे मोजायला लागले. दहा म्हणेपर्यंत पाणी गडप. मग तोच डबा वरच्या माळावर, जिथे दोनदा वणवा गेला आहे आणि पाला उरलेला नाही. तांब्याभर पाणी तसंच उभं. शंभर मोजून झाले, दोनशे झाले, कुणीतरी विडी पेटवायला निघाला तर म्हाताऱ्याने त्याच्या हातातली काडी काढून घेतली. या एका डब्याने जे समजलं ते मला कुणी तासभर बोलून समजावू शकलं नसतं. पऱ्याचं पाणी चैत्रापर्यंत पुरतं ते कुठे साठतं, ते बोटाने दाखवता आलं.

फुटव्यांचंही असंच. रान एकदा तोडलं की ऐन-किंजळाच्या खुंटातून दहा-पंधरा फुटवे येतात आणि खालची मुळं जुनी म्हणून भराभर वाढतात. आपल्याला वाटतं, रान परत आलं. पण ते सगळे एकाच ताटात जेवतात, एकही अंग धरत नाही. मुलीने शिकवलं, जमिनीलगत फुटलेले दोन-तीन सरळ फुटवे राखायचे, बाकी काढायचे. वरच्या अंगाला फुटलेले ठेवायचे नाहीत, खुंट कुजला की ते उन्मळतात. भाताच्या राबासाठी कवळ, म्हणजे डहाळ्या, तोडतानाही शेंडा राखायचा. आणि निघालेलं लाकूड विकायचं की. रान राखणं म्हणजे रानाला हात न लावणं नव्हे, हे ती तीनदा म्हणाली, आणि माझं मतही तेच आहे. वणवा अडवणारा जाळपट्टा माघाच्या आत काढायचा, आणि ऐन, किंजळ, हिरडा, साग, खैर अशी झाडं आपली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडायची नाहीत, हेही तिने सांगितलं. ते तुम्ही मोठे झालात की सविस्तर वाचा.

पैशाचं काय, हे हिस्सेदारांनी विचारलंच, आणि विचारायला हवंच होतं. संगमेश्वराच्या भागात पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था कित्येक वर्षं खासगी रानांच्या मालकांबरोबर काम करते आहे. रान राखण्याचे करार झाले आहेत, आणि बेहडा-हिरड्याची फळं फेअरवाइल्ड नावाच्या जागतिक मानकाप्रमाणे गोळा होऊन औषधी चहा-चूर्णांसाठी परदेशातही गेली आहेत. त्यात नियम असा, की फळांचा काही वाटा झाडाखाली जनावरांना आणि रुजायला ठेवायचा, आणि ढोलीच्या झाडाला धक्का लावायचा नाही. पूर्वी बेहडा तोडून आंब्याच्या पेट्यांना फळ्या काढायचे. तोडलेला बेहडा एकदा पैसे देतो. उभा बेहडा दरवर्षी देतो.

गणपतीत भावकी बसली. वाद झाला, आवाज चढले, तरी शेवटी ठरलं ते असं: रान उक्तं द्यायचं नाही. चौकोनांचे आकडे कागदावर होते, त्यामुळे कुठला फुटवा काढायचा, कुठला ठेवायचा, हे बोलता आलं. विरळणीच्या लाकडाचे जे पैसे आले ते एका नातीच्या कॉलेजला गेले. व्यापाऱ्याने सांगितला होता तेवढा आकडा तो नव्हता, हे मी लपवत नाही. पण पुढच्या काही वर्षांनी पुन्हा विरळणी करता येईल, आणि बेहडा तर कुणाच्या हिशोबातच नव्हता.

या माघात मादीने दार लिंपलं. नर उजाडता उजाडता येतो, त्याच्या पंखांचा आवाज लांबून इंजिनासारखा ऐकू येतो, आणि मग तो भोकाजवळच्या सालीला धरून बसतो. उद्या सकाळी पाचला उठा, मी दाखवतो. पांढरे कपडे घालू नका, बॅटरी आणू नका, आणि पऱ्याच्या अलीकडेच थांबायचं, पलीकडे जायचं नाही.